अर्ध्या गाडीला पूर्ण व्हॅन: एका किट कारच्या स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घ्यायची आणि आपल्या हातांनी जोडायची गाडी. या छंदाची मुळं ब्रिटनमध्ये आहेत. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' ही छोटी, उघडी, दोन आसनांची गाडी आणली. त्या काळी तिथे तयार मोटारीवर खरेदी कर भरावा लागे आणि सुटे भाग घेतले तर तो चुकवता येई, म्हणून पुष्कळ लोकांनी ती घरीच जोडली. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. कर वाचवण्याचं कारण संपलं, पण गाडी जोडण्याची खाज काही संपली नाही. आजही जगभर त्याच आराखड्याच्या नळ्यांच्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, लोक गॅरेजमध्ये रात्री जागवतात.

इथे ज्याची गोष्ट सांगतोय तो त्यांतलाच एक. त्याला आपण 'बांधणारा' म्हणू. दीड वर्ष तो एका भाड्याच्या गॅरेजमध्ये गाडी जोडत होता. मालकाला जागा परत हवी झाली आणि महिनाअखेरपर्यंत गॅरेज रिकामं करायचं ठरलं. नवीन जागा साधारण सत्तर किलोमीटरवर मिळाली होती. मी त्याचा मित्र. फॅब्रिकेशनच्या कामात बरीच वर्षं काढलेला, त्यामुळे जड काही उचलायचं असलं की फोन मला येतो.

गाडीची अवस्था अशी होती. चेसिस तयार, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून बसलेले, चारही बाजूंचं सस्पेन्शन लागलेलं, चाकं लागलेली. स्टिअरिंगची रॅक, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारी आडवी दांडी, बसली होती, पण तिला स्टिअरिंगशी जोडणारा वरचा दांडा नव्हता, म्हणजे पुढची चाकं मन मानेल तिकडे वळत. ब्रेकच्या नळ्या टाकलेल्या होत्या, तेल भरलेलं नव्हतं. हँडब्रेकची केबल अजून डब्यातच. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दीडशेएक किलोचा ऐवज कोपऱ्यात पॅलेटवर बसला होता. नाक, मडगार्ड आणि बाकीचे फायबरचे भाग भिंतीला टेकवून ठेवलेले. चाकांवर उभा असलेला सांगाडा २८० किलोच्या आसपास भरला. हे वजन आम्ही चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून काढलं होतं, अंदाजाने नाही.

अडचण कुठे होती

बांधणाऱ्याने एक लांब, उंच छपराची बंद व्हॅन शनिवारसाठी ठरवली. ठरवण्याआधी त्याने दोन गोष्टी पाहिल्या: वजन आणि लांबी. एकूण वजन ३,५०० किलोपर्यंतच्या वर्गातली ही व्हॅन हजार किलोच्या आसपास माल सहज नेते. हौद्याची लांबी साडेतीन मीटरला जरा कमी आणि गाडी ३.३५ मीटर. हिशेब जुळला. मीही फोनवर "वजन किती, लांबी किती" एवढंच विचारलं आणि "मग बसेल की" म्हणून मोकळा झालो. ही चूक निम्मी माझी.

बंद व्हॅनमध्ये खरं माप असतं मागच्या दोन चाकांच्या वर आत येणाऱ्या कमानींमधलं अंतर. फोर्ड ट्रान्झिटमध्ये ते १,३९२ मिलिमीटर असतं, फियाट डुकाटोमध्ये १,४२२. गाडीची मागची चाकं टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १,५४० भरत होती. म्हणजे जवळपास पंधरा सेंटीमीटरची खोट. मोजपट्टी काढून दोन मिनिटांत कळलं असतं, पण ती काढली कुणी नाही.

यात आणखी एक मेख होती. भाड्याच्या व्हॅनच्या बुकिंगमध्ये मॉडेलच्या नावापुढे बहुतेक वेळा 'किंवा तत्सम' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. व्हॅन भाड्याने देणारा तिचा वर्ग कबूल करतो, मॉडेल नाही. बांधणाऱ्याने ज्या मॉडेलचे आकडे पाहिले होते ते आलंच नाही, दुसरं आलं. आमच्या बाबतीत त्याने फरक पडला नाही, कारण दोन्हींत गाडी बसणार नव्हतीच. पण ज्याचं काम दोन-तीन सेंटीमीटरवर अडलंय त्याने या दोन शब्दांना घाबरून असावं.

पहिला शनिवार

सकाळी साडेआठला व्हॅन दारात. बांधणारा, त्याचा मोठा भाऊ आणि मी. भावाला आम्ही दोघेही दादा म्हणतो. दादाने मागची दारं उघडली, आत डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "हे दोन उंबरठे मध्ये आहेत, त्यांचं काय करायचं?" कमानी त्याला पहिल्या नजरेत दिसल्या. आम्हाला दोन आठवड्यांत दिसल्या नव्हत्या.

मग मोजपट्टी निघाली आणि डोकी चालायला लागली.

पहिली कल्पना बांधणाऱ्याची: चाकं काढू, गाडी अरुंद होईल. ऐकायला बरोबर. एक मागचं चाक काढून मोजलं. चाकाची थाळी ज्यावर बसते त्या हबच्या तोंडांमधलं अंतर निघालं १,४०५. त्यावर बाहेर आलेले, चाक आवळायचे स्टड धरले तर १,४५५. टायर बाहेरच्या बाजूला जितका दिसतो त्यातला बराच भाग आत असतो, म्हणून चाक काढल्यावर गाडी वाटते तितकी बारीक होत नाही. म्हणजे चाकं काढूनही ही गाडी कमानींच्या मधून जाणार नव्हती, आणि गेली असती तरी चाकांशिवाय तिला सरकवणार कशी, हा प्रश्न उरलाच असता.

दुसरी कल्पना माझी: कमानींच्या उंचीचा लाकडी माळा करायचा आणि गाडी त्यांच्या वरून न्यायची. कमानींच्या वर व्हॅन रुंद असते. मग दाराचं माप घेतलं: १,५६५. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पंचवीस मिलिमीटर, एकेका बाजूला बोटभर. ब्रेक नसलेली, स्टिअरिंग नसलेली गाडी, चढावरून, बोटभर फटीतून. दादा माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी कल्पना मागे घेतली.

तिसरी कल्पना सस्पेन्शन उतरवून नुसतं चेसिस न्यायची होती. ती वेडगळ नव्हती, मापाने बसलीही असती. पण दीड महिन्याचं काम उलटं करायचं, प्रत्येक बोल्ट-वॉशर कुठला ते लक्षात ठेवायचं, आणि हे सगळं सोमवारी व्हॅन परत करायच्या आत. बांधणाऱ्याचा चेहरा पाहून हा विषय तिथेच थांबवला.

साडेदहा वाजले होते. व्हॅनचं भाडं भरलेलं, माणसं जमलेली. इथे दादाने जो निर्णय घेतला तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तो म्हणाला, "गाडी नाही जात ना, मग बाकीचं सगळं घालवू." इंजिन-गिअरबॉक्सचं पॅलेट इंजिन उचलायच्या क्रेनने व्हॅनमध्ये चढवलं, पुढच्या जाळीला चिकटवून जमिनीतल्या रिंगांना चार पट्ट्यांनी बांधलं. फायबरचे भाग गाद्यांमध्ये गुंडाळून उभे ठेवले. सीटा, काच, तारांचे वेटोळे, डबे, वेल्डिंग मशीन, सगळं गेलं. संध्याकाळी गॅरेजमध्ये फक्त सांगाडा उरला.

याचा फायदा नंतर कळला तो वेगळाच. इंजिन गाडीत बसवून एकदाच न्यावं, असा बांधणाऱ्याचा मूळ विचार होता. ते बसवलं असतं तर पुढची स्प्रिंग दबून गाडीचं पोट खाली आलं असतं, आणि दुसऱ्या खेपेला तेच पोट अडलं असतं. त्याचा हिशेब पुढे येतो.

पर्याय, दुसऱ्यांदा

गॅरेज सोडायला आठ दिवस होते. या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

ट्रेलर हा सगळ्यांच्या तोंडी आलेला पहिला पर्याय. गाडी नेण्याचा ट्रेलर खाली असतो, त्याचे रॅम्प त्याच्या मापाचे असतात, बांधायच्या जागा मुळातच दिलेल्या असतात. पण तो ओढायला हुक असलेली गाडी हवी, ती आमच्या तिघांत कुणाकडे नव्हती, आणि भाड्याच्या व्हॅनला ट्रेलर लावायला ती भाड्याने देणाऱ्याने परवानगी दिली नाही. शिवाय ट्रेलर ओढण्याचा परवाना हा ठिकठिकाणी वेगळा मामला आहे.

बंद पडलेल्या गाड्या उचलून नेतो तो सपाट, तिरका होणारा ट्रक ड्रायव्हरसकट बोलवायचा, हा दुसरा. मी याच बाजूचा होतो. त्याचा हौदा मागे सरकून जमिनीला टेकतो, विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, त्यावरच असते, आणि तो माणूस रोज हेच करतो. बांधणाऱ्याला दोन शंका: गाडी उघड्यावर जाणार आणि पावसाचे दिवस, आणि परका माणूस तिला कुठे हुक अडकवेल याचा भरवसा नाही. दुसरी शंका खरी होती. कारखान्यातून आलेल्या गाडीला ओढायची कडी असते, या सांगाड्याला ती अजून लागायची होती. तरी मला वाटतं खरं कारण तिसरंच होतं. दीड वर्ष स्वतः केलं, आता शेवटचे सत्तर किलोमीटर दुसऱ्याच्या हातात द्यायचे नव्हते. हे कारण मी चुकीचं म्हणणार नाही, फक्त ते हिशेबात उघडपणे मांडलेलं नव्हतं एवढंच.

तिसरा पर्याय पेटीच्या बॉडीची व्हॅन, घरसामान हलवायला नेतात ती. तिचा तळ चाकांच्या वर असतो म्हणून आत कमानीच नसतात, तळ सरळ सपाट. आतली रुंदी जवळपास दोन मीटर, लांबी चारच्या वर. पण याच कारणाने तळ उंच: आम्ही पाहिलेल्या व्हॅनचा जमिनीपासून ९२ सेंटीमीटर.

अशा व्हॅनला मागे टेल लिफ्ट, म्हणजे माल वर उचलणारा पाट, असते आणि पाहणाऱ्याला वाटतं, सुटला प्रश्न. लिफ्टचा पाट सव्वा-दीड मीटर खोल, गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.२८ मीटर. गाडी त्यावर मावतच नाही. पुढची चाकं पाटावर, मागची जमिनीवर ठेवून लिफ्ट वर करायची, असं सुचवणारा एक जण भेटलाच. लिफ्टवर लिहिलेली मर्यादा पाटाच्या मुळापासून ठराविक अंतरावरच्या वजनासाठी असते, कडेवरच्या वजनासाठी नाही, आणि ब्रेक नसलेली गाडी मागे घसरली तर मागे कोण उभा असेल याचा विचार केला की पुढे बोलायची गरज पडत नाही. आम्ही मुद्दाम टेल लिफ्ट नसलेली व्हॅन मागितली, कारण रॅम्प टेकवायला तळाची कडा मोकळी हवी होती.

उंबरठ्याचा हिशेब

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा, म्हणून जरा लांबवतो.

रॅम्पवरून गाडी वर येते तेव्हा धोका चढात नसतो, चढ संपतो त्या कडेवर असतो. पुढची चाकं आत, मागची अजून रॅम्पवर, आणि मधे ती कडा गाडीच्या पोटाला लागते. किती वर येते? चाकांमधल्या अंतराचं अर्धं, गुणिले निम्म्या कोनाचा टॅन्जंट. भाड्याने ३.६ मीटरचे रॅम्प मिळत होते. ९२ सेंटीमीटर उंचीला हा रॅम्प १४.८ अंशांचा चढ करतो. १.१४ मीटर गुणिले ७.४ अंशांचा टॅन्जंट, म्हणजे १४.८ सेंटीमीटर. इंजिन नसल्यामुळे गाडी उंच उभी होती तरी पोटाखाली जागा १३ सेंटीमीटरच. अडकली असती, आणि तीही अर्धी आत अर्धी बाहेर अशी.

गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट उताराची आहे, बारा मीटरला एक मीटर. बांधणारा म्हणाला, व्हॅन या वाटेवर उलटी वर आणू, मागचा भाग गॅरेजकडे, म्हणजे रॅम्पचं टोक आपोआप उंचावर टेकेल. हा युक्तिवाद इतका पटण्यासारखा आहे की मीही आधी हो म्हणालो. रात्री कागदावर काढलं तेव्हा चूक दिसली. व्हॅन त्याच उतारावर उभी असेल तर तीही तेवढीच कलते. जमीन आणि हौदा समांतरच राहतात, रॅम्प आणि हौद्यामधला कोन तोच १४.८ अंश. ढकलायला हलकं वाटेल, पण पोट तितकंच घासेल. वर हौदा पुढे कललेला, म्हणजे कडा ओलांडली की बिनब्रेकची गाडी थेट पुढच्या भिंतीवर.

कोन कमी व्हायचा तर व्हॅन सपाटीवर हवी आणि फक्त रॅम्पचा पाया चढावर. व्हॅन खाली रस्त्यालगतच्या सपाट जागेत, मागची कडा बरोबर वाटेच्या तोंडाशी. मग रॅम्पचा पाया साडेतीन मीटर मागे, सुमारे ३० सेंटीमीटर उंचावर येतो. कोन दहा अंश, कडा पोटात येते १० सेंटीमीटर, जागा १३. तीन सेंटीमीटर शिल्लक. रॅम्पच्या पायाशी मात्र कोन कमी झाला नाही, कारण तिथे उतार संपून चढ सुरू होतो. तिथे खड्डा असल्यामुळे पोटाला काहीच होत नाही, आणि नाक आदल्या शनिवारीच रवाना झालेलं असल्यामुळे पुढे घासायलाही काही नव्हतं.

इंजिन आत असतं आणि पोटाखाली दहाच सेंटीमीटर असते, तर ही तीन सेंटीमीटरची शिल्लक शून्य होती.

तयारी

अर्धवट गाडी ही गाडीसारखी दिसते म्हणून फसवते. जोडणीच्या काळात सस्पेन्शनचे बोल्ट मुद्दाम ढिले ठेवतात. रबरी बुश (सांध्यात बसणारी रबराची नळी) असलेले सांधे गाडी पूर्ण वजनावर बसल्यावर आवळायचे असतात, नाहीतर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. त्यात नायलॉनच्या कड्याचे नट एकदाच वापरायचे म्हणून बांधणाऱ्याने तात्पुरते साधे नट लावलेले. हे सगळं गॅरेजमध्ये उभ्या गाडीसाठी ठीक आहे. सत्तर किलोमीटरच्या थरथरीसाठी नाही. आम्ही सगळे बोल्ट आवळले आणि प्रत्येकावर पिवळी टेप चिकटवली, म्हणजे नवीन जागी गेल्यावर ते परत ढिले करायचे हे विसरणार नाही. सगळे आवळले असं आम्हाला वाटलं.

व्हॅनच्या हौद्यात पुढच्या दोन कोपऱ्यांतच जमिनीत रिंगा होत्या. मागे काही नाही, बाजूच्या भिंतींवर फक्त लाकडी पट्ट्या, ज्या कपाटं बांधायला ठीक. भाड्याच्या व्हॅनमध्ये भोकं पाडता येत नाहीत. म्हणून १८ मिलिमीटर प्लायवूडच्या तीन शीट हौद्याच्या रुंदीला कापून, पट्ट्यांनी जोडून एक खोटा तळ केला. हौद्याच्या ज्या उंचीचा हिशेब वर दिलाय ती हा तळ धरूनच. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतो म्हणून आडवा सरकत नाही, पुढे भिंतीला भिडतो, आणि मागे सरकू नये म्हणून त्या दोन रिंगांना बांधायचा. गाडी या तळाला बांधायची, त्यातल्या आयबोल्टना, म्हणजे डोक्याला कडी असलेल्या बोल्टना. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात, ईएन १२१९५-१ मध्ये, जोरात ब्रेक लागल्यावर पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर धरतात. गाडी आणि तळ मिळून ३७० किलो, म्हणजे पुढे ३०० किलोच्या आसपास. रॅचेट पट्ट्यांवर क्षमता डेकान्यूटनमध्ये छापलेली असते; एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचं वजन. पट्ट्याचं लेबल फाटलेलं असेल तर तो पट्टा दोरी समजावा.

पट्टे चेसिसला की चाकांना, यावर वाद झाला. चेसिसला खाली ओढून बांधलं तर स्प्रिंग दबतात, धक्क्यांत गाडी खाली जाते आणि पट्टा क्षणभर सैल होतो. शिवाय पट्टा पत्र्याच्या कडेवरून जाणार. आम्ही चारही चाकांना टायरवरून जाणारे पट्टे लावले, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे स्क्रूने तळात बसवले आणि सांगाड्याला वर स्प्रिंगवर मोकळं ठेवलं.

विम्याचा फोनही याच आठवड्यात झाला. भाड्याच्या करारातलं संरक्षण व्हॅनचं असतं, आतल्या मालाचं सहसा नसतं, आणि उंच व्हॅनच्या छपराचं नुकसान अनेकदा वगळलेलं असतं. "गाडीत गाडी नेणार आहे" हे बांधणाऱ्याने व्हॅन भाड्याने देणाऱ्याला स्पष्ट सांगितलं. पलीकडून थोडी शांतता, मग "पेट्रोल नको" एवढीच अट. टाकी कोरडीच होती. बांधणी चालू असलेल्या गाडीचा वेगळा विमा त्याच्याकडे होता, पण त्यात वाहतूक धरलीय का हे त्याने पहिल्या शनिवारनंतर विचारलं. सुदैवाने धरली होती. व्हॅनची उंची टेपवर लिहून दादाने स्टिअरिंगसमोर चिकटवली आणि रस्त्यावरचे कमी उंचीचे पूल आधीच पाहून ठेवले.

चढवणं

रॅम्प पट्ट्याने व्हॅनला बांधले. चाक चढायला लागलं की रॅम्प मागे ढकलला जातो, हे ज्याने एकदा पाहिलंय तो बांधल्याशिवाय राहत नाही. मधे टेकू दिले. गाडी गॅरेजमधून उतारावर मागून दोर धरून सोडली, मी ठोकळा घेऊन चाकापाशी. पुढे हात-विंच, त्या दोन रिंगांना अडकवलेली. दहा अंशांवर २८० किलोला वर खेचायला पन्नासेक किलोचा जोर लागतो. तिघांनी ढकलूनही झालं असतं, पण रॅम्पवरच्या बिनब्रेकच्या गाडीमागे कुणी उभं राहायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

पुढची चाकं रॅम्पवर हातभर चढली आणि डावं चाक हळूच बाहेर, डावीकडे वळलं. त्याबरोबर उजवंही तिकडेच. रॅक होती, दांडा नव्हता; चाकाला वाट मिळाली तिकडे ते गेलं. रॅम्पच्या कडेपासून चार बोटांवर दादा ओरडला, विंच थांबवली, दोरावर गाडी मागे घेतली. मग दोन लांब पट्ट्या दोन्ही पुढच्या चाकांना पुढून-मागून आडव्या धरून करकचून बांधल्या, चाकं सरळ करून. पाच मिनिटांचं काम, आदल्या दिवशी करायचं. त्या दिवशी त्यात पाऊण तास गेला, त्यातली वीस मिनिटं कुणीच काही न बोलता गेली.

दुसऱ्या खेपेला गाडी निमूट चढली. कडेवर आल्यावर बांधणारा जमिनीवर आडवा होऊन पोटाखाली बघत होता. "आहे," एवढंच म्हणाला. जागा आहे, असं.

प्रवास आणि पुढे

पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे पाहिले. पुढचा उजवा सैल झाला होता, टायर दबून बसल्यामुळे. आवळला. पुढे कुठेच काही झालं नाही. उतरवायला सपाट अंगण होतं, तिथे १४.८ अंशांचा प्रश्न परत उभा राहिला. तो आम्ही आधी विचारात घेतलाच नव्हता. सगळी अक्कल चढवण्यात संपली होती. शेवटी व्हॅनची मागची चाकं अंगणाच्या कडेच्या खोलगट भागात उतरवली आणि रॅम्पचा पाया फळ्यांवर फळ्या रचून उंच केला. झालं, पण ते ठरवून केलेलं नव्हतं.

गाडी शाबूत पोचली. पत्र्यावर ओरखडा नाही. मात्र डाव्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट अर्धा बाहेर आलेला, नट गायब. त्याला पिवळी टेपही नव्हती, म्हणजे तो आवळायचाच राहिला होता. आणखी वीस किलोमीटर असते तर बोल्टच पडला असता.

पुन्हा करायचं झालं तर

दोन व्हॅनचं भाडं, रॅम्पचं भाडं, तीन शीट प्लायवूड, पट्टे, दोन शनिवार आणि तीन माणसं. बांधणाऱ्याने सगळं एका कागदावर मांडलं तेव्हा आकडा त्या सपाट ट्रकने सांगितलेल्या रकमेच्या जवळपास आला. तरी तो पुन्हा व्हॅनच घेईन म्हणतो, मी पुन्हा ट्रकच म्हणतो. आमच्यात एवढ्यावर मात्र एकमत आहे की व्हॅन ठरवायच्या आधी भाड्याच्या आवारात मोजपट्टी घेऊन जायचं आणि कमानी, दार, तळाची उंची आणि रिंगा स्वतः मोजायच्या, फोनवर विचारायच्या नाहीत. आणि उतरवायच्या जागेची मापं चढवायच्या जागेइतकीच आधी घ्यायची. ढिल्या बोल्टांवर टेप आवळल्यावर लावण्यापेक्षा आधीच सगळ्या सांध्यांवर लावायची आणि आवळला की काढायची, म्हणजे राहिलेला दिसतो. ही सूचना दादाची. परत ढिले करायचे बोल्ट मग वहीत लिहून ठेवायचे.

व्हॅन परत द्यायच्या आधी झाडली. प्लायवूडच्या तळाखालून दोन नट निघाले. एक शॉकॲब्सॉर्बरचा, बरोबर बसला. दुसरा कुठला ते अजून कळलेलं नाही. त्याच मापाचे सगळे नट बांधणाऱ्याने दोनदा मोजले, पुरे भरतात. व्हॅनमध्ये आधीचा कुणीतरी टाकून गेला असेल असं मी म्हणतो. तो नट त्याने डबीत जपून ठेवलाय आणि गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येईपर्यंत टाकणार नाही म्हणतो.